माफीचे साक्षीदार आणि वाळीत टाकलेले : व्यावसायिक सायकलपटूंच्या कबुलीपर आत्मकथनांची चिकित्सा

प्रास्ताविक

८ जुलै १९९८ रोजी फेस्टिना या सायकल संघाचा मालिशकार विली वोएट फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला. १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘यूसाडा’ने, लान्स आर्मस्ट्राँगविरुद्धचा सविस्तर निवाडा प्रसिद्ध केला. या दोन तारखांमधील चौदा वर्षे व्यावसायिक सायकल शर्यतींच्या इतिहासात झडत्या, चाचण्या, बंदी आणि कबुलीजबाब यांची वर्षे ठरली. याच काळात एक वाङ्मयप्रकारही आकाराला आला. बंदी भोगून शर्यतीत परतलेल्या, किंवा परतू न शकलेल्या, सायकलपटूंनी आत्मकथने लिहिली आणि त्यांतून ‘दुसऱ्या संधी’चा प्रश्न वाचकांसमोर मांडला.

हा प्रश्न सामान्यतः क्रीडानीतीचा किंवा कायद्याचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. किती वर्षांची बंदी पुरेशी, ती संपल्यावर खेळाडूस पूर्ण अधिकार मिळावेत की नाही, अशा स्वरूपात तो विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो कथनाचा प्रश्न म्हणून विचारात घेतला आहे. त्यासाठी दोन ग्रंथ निवडले आहेत : स्कॉटिश सायकलपटू डेव्हिड मिलर याचे ‘रेसिंग थ्रू द डार्क’ (२०११) आणि अमेरिकन सायकलपटू टायलर हॅमिल्टन याने डॅनियल कॉयल या लेखकाच्या साहाय्याने लिहिलेले ‘द सीक्रेट रेस’ (२०१२). या दोहोंच्या शेजारी फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासों याचे ‘पॉझितिफ’ (२०००) ठेवले असता एक विसंगती नजरेस येते. शर्यतीच्या जगाने दुसरी संधी देताना पश्चात्तापाची खोली मोजलेली दिसत नाही. कबुलीची झळ इतरांना किती लागेल, हे मात्र फार काटेकोरपणे मोजलेले दिसते.

मराठी वाचकास ही विसंगती समजण्यास आपल्याच भाषेतील दोन जुने शब्दप्रयोग उपयोगी पडतात. कोर्टकचेरीच्या भाषेत ‘माफीचा साक्षीदार’ असतो. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो आणि साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन सुटका मिळवतो. गावगाड्याच्या भाषेत ‘वाळीत टाकणे’ असते; ज्याने समूहाचा संकेत मोडला त्याच्याशी बोलणे, पंगतीला बसणे बंद होते. सायकल शर्यतीतील मुख्य जथ्याला ‘पेलोटॉन’ म्हणतात. या जथ्याचे वर्तन पुष्कळदा जातपंचायतीसारखे राहिले आहे, आणि पंगतीत कोणाला परत घ्यायचे हे ठरविण्याचा अधिकार नियमपुस्तकापेक्षा त्याच्याकडेच अधिक राहिला आहे.

नकाराची पुस्तके

कबुलीच्या पुस्तकांआधी नकाराची पुस्तके आली, ही गोष्ट विसरता येत नाही. फेस्टिना प्रकरणानंतर संघाचा लाडका नायक रिशार व्हिरांक याने १९९९ मध्ये पुस्तक काढले. त्याचे नाव ‘मा व्हेरिते’, म्हणजे ‘माझे सत्य’. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये लील येथील न्यायालयात त्याने उत्तेजक घेतल्याचे मान्य केले. आर्मस्ट्राँगचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ २००० साली आले आणि कर्करोगावर मात करणाऱ्याची गाथा म्हणून जगभर वाचले गेले. २००६ च्या टूर द फ्रान्सचे विजेतेपद गमावलेल्या फ्लॉइड लँडिसने २००७ मध्ये ‘पॉझिटिव्हली फॉल्स’ लिहून आपण निर्दोष असल्याचे सांगितले, चाहत्यांकडून बचावनिधी जमवला, आणि मे २०१० मध्ये सर्व काही कबूल केले. तो निधी पुढे त्यास परत करावा लागला.

या पुस्तकांची शैली पाहिली तर नकार आणि कबुली यांत भाषिक अंतर फारसे नाही. तेच कष्टाचे बालपण, तोच पहिल्या सायकलीचा आनंद, तीच डोंगरावरील वेदना. म्हणून पुढे कबुली लिहिणाऱ्यापुढे एक मोठी अडचण उभी राहते : वाचकाने या आवाजावर आधी एकदा विश्वास ठेवून पाहिलेला असतो. आर्मस्ट्राँगच्या पुस्तकाबाबत काही वाचकांनी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. कल्पित असलेले सत्य म्हणून विकले, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. तथापि आत्मचरित्रात लेखक आणि वाचक यांच्यात जो अलिखित करार असतो, तो मोडल्याची तक्रार घेऊन वाचक थेट कोर्टात जातात, ही घटना आत्मचरित्राच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

व्हिरांकचे पुढे काय झाले? बंदी भोगून तो परतला, २००१ मध्ये पॅरिस-टूर ही शर्यत जिंकला, २००२ मध्ये मों व्हाँतूवर जिंकला आणि २००४ मध्ये सातव्यांदा डोंगरराजाची ठिपक्यांची जर्सी मिळवली. फ्रान्सच्या रस्त्यांवर त्याच्या नावाचा जयघोष होत राहिला. दोन वर्षे खोटे बोलल्याची किंमत त्याला चाहत्यांनी फारशी मोजायला लावली नाही.

मिलर : पतन आणि पुनरागमनाचा आकृतिबंध

डेव्हिड मिलर १९७७ मध्ये माल्टा येथे जन्मला आणि त्याचे किशोरवय काही काळ हाँगकाँगमध्ये गेले. कोफिदिस या फ्रेंच संघात दाखल झालेल्या या तरुणाने २००० च्या टूर द फ्रान्समध्ये सलामीची टाइम ट्रायल दोन सेकंदांनी आर्मस्ट्राँगला मागे टाकून जिंकली. त्या वेळी तो उत्तेजके घेत नव्हता, असे त्याचे सांगणे आहे. २००१ आणि २००३ मध्ये त्याने ईपीओ घेतले. ईपीओ हे रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे संप्रेरक. औषध म्हणून ते मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिले जाते. जून २००४ मध्ये बियारिट्झजवळील बिदार येथे एका उपाहारगृहात जेवत असताना फ्रेंच पोलिसांनी मिलरला ताब्यात घेतले. घरात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. एकाही चाचणीत तो दोषी आढळला नव्हता. कोठडीत त्याने कबुली दिली, दोन वर्षांची बंदी आली आणि २००३ चे टाइम ट्रायलचे जागतिक विजेतेपद काढून ऑस्ट्रेलियाच्या मायकेल रॉजर्सला देण्यात आले.

या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग अटकेचा नाही. अटकेपूर्वीची काही वर्षे मिलरने ज्या बारकाईने लिहिली आहेत, तेथे हे पुस्तक सामान्य क्रीडाचरित्राच्या पुढे जाते. सुईविषयीचा त्याचा तपशील या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या काळी संघांत शर्यतीनंतर जीवनसत्त्वांची इंजेक्शने देण्याची पद्धत होती. ती नियमबाह्य नव्हती. मिलर आरंभी तीही नाकारतो. मग थकव्यापुढे, सहकाऱ्यांच्या सहजपणापुढे नमते घेतो. त्वचेत सुई जाणे एकदा नित्याचे झाले की सिरिंजमध्ये काय आहे हा प्रश्न गौण होतो. पतनाला येथे एकच निर्णायक क्षण नाही. लहान लहान तडजोडींची एक उतरंड आहे, आणि वाचक त्या प्रत्येक पायरीवर ‘इथवर ठीक’ असे लेखकाबरोबर म्हणत जातो. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २०११ मध्ये वैद्यकीय गरज नसताना सुई वापरण्यास मनाई केली. त्या नियमामागचे मानसशास्त्र समजून घेण्यास मिलरची ही प्रकरणे कोणत्याही अहवालापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

परंतु याच पुस्तकात एक पोकळी आहे. मिलरला ईपीओच्या वापराची दीक्षा ज्या सहकाऱ्याने दिली, त्याचा उल्लेख पुस्तकभर ‘लेकिपिये’ एवढाच येतो. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘संघसहकारी’. ही निनावी व्यक्ती पुस्तकातील सर्वांत महत्त्वाच्या पात्रांपैकी एक आहे. तरी तिला चेहरा नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्यांची भीती हे याचे व्यावहारिक कारण असणार, आणि ते क्षुल्लक नाही. आपल्या समाजातही चुगली करणाऱ्यास कोणी चांगले म्हणत नाही. तथापि कथनाच्या पातळीवर याचा परिणाम असा होतो की, व्यवस्थेची गोष्ट हळूहळू एका माणसाच्या आत्म्याची गोष्ट होते. दोष आत वळतो. मिलर स्वतःला जितका कठोरपणे सोलतो, तितका भोवतालचा जथा धूसर होत जातो. ‘मी चुकलो’ या वाक्यात ‘आम्ही’ हे सर्वनाम हरवते.

आणि नेमकी अशीच कबुली पेलोटॉनला पचण्यासारखी होती. मिलरची बंदी संपल्यावर काही दिवसांतच, २००६ च्या टूर द फ्रान्समध्ये, तो सॉनियर दुवाल संघाकडून उतरला. त्या टूरच्या आदल्या दिवशी स्पेनमधील ऑपरेशन पुएर्तो या तपासामुळे इव्हान बास्सो आणि यान उलरिश या दोन प्रमुख दावेदारांना बाहेर काढण्यात आले होते. पश्चात्तापदग्ध मिलरला प्रवक्तेपण आपोआप मिळाले. पुढे तो जोनाथन व्हॉटर्सच्या संघात गेला, त्या संघाचा भागीदार झाला आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) खेळाडू समितीवरही आला. भारतीय वाचकांच्या आठवणीत कदाचित ऑक्टोबर २०१० असेल : दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या टाइम ट्रायलचे सुवर्णपदक स्कॉटलंडसाठी मिलरनेच जिंकले होते. राष्ट्रकुल स्पर्धेत त्यास उतरता येत होते. ऑलिम्पिकमध्ये मात्र नाही, कारण ब्रिटिश ऑलिम्पिक संघटनेचा आजीवन बंदीचा स्वतंत्र नियम होता. एप्रिल २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने तो नियम वाडाच्या संहितेशी विसंगत ठरवला. एका गुन्ह्यास संहितेबाहेरची जादा शिक्षा देता येणार नाही, असा त्याचा आशय. मिलर त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरला. त्याआधी १३ जुलै रोजी त्याने टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला; उत्तेजके घेतलेल्या अवस्थेत मों व्हाँतूवर कोसळून मेलेल्या टॉम सिम्पसनच्या मृत्यूला त्या दिवशी ४५ वर्षे होत होती.

मिलरने पुनरागमनानंतर केलेले काम खोटे म्हणण्यास कोणताही आधार नाही. त्यास मिळालेली दुसरी संधी वाया गेली, असेही म्हणता येणार नाही. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. त्याच्यासारखीच, किंवा त्याच्याहून अधिक खुली, कबुली देणाऱ्या इतरांना ती संधी का मिळाली नाही, हा आहे.

हॅमिल्टन : तळटीपांसह कबुली

टायलर हॅमिल्टनची कथा मिलरच्या कथेचा उलटा साचा आहे. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये मोडलेल्या गळपट्टीच्या हाडासह तो चौथा आला, एक टप्पाही जिंकला आणि सोशिकपणाची मूर्ती म्हणून गाजला. २००४ मध्ये अथेन्स येथे त्याने टाइम ट्रायलचे ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. त्याच्या पहिल्या नमुन्यात दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तपेशी आढळल्या. परंतु दुसरा नमुना चुकून गोठवला गेल्याने त्यातील पेशी तपासण्यायोग्य राहिल्या नाहीत आणि पदक वाचले. काही आठवड्यांतच स्पेनच्या व्हुएल्ता शर्यतीत तो पुन्हा दोषी आढळला. सुनावणीत बचाव असा मांडला गेला की गर्भावस्थेत विरून गेलेल्या जुळ्या भावंडाच्या पेशी त्याच्या रक्तात असू शकतात. लवादाने हे मानले नाही.

येथे एक क्रम लक्षात घ्यावा लागतो. दोन वर्षांची बंदी संपल्यावर हॅमिल्टन काहीही कबूल न करता परतला, आणि २००८ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय रोड विजेता झाला. म्हणजे त्याची दुसरी संधी नकारावर उभी होती. २००९ मध्ये तो पुन्हा दोषी आढळला, त्यास आठ वर्षांची बंदी आली आणि कारकीर्द संपली. खरे बोलण्याची वेळ त्यानंतर आली : प्रथम सरकारी चौकशीत, मग मे २०११ मध्ये दूरचित्रवाणीवर, आणि शेवटी या पुस्तकात. गमावण्यासारखे काही उरले नाही तेव्हाच जीभ सुटली, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो. तो रास्त आहे. पण या आक्षेपाचीच दुसरी बाजू अशी की, गमावण्यासारखे काही होते तोपर्यंत बोलणाऱ्याचे काय होत असे हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

‘द सीक्रेट रेस’ची रचना या दृष्टीने विलक्षण आहे. कथन हॅमिल्टनचे आहे, परंतु त्याखाली कॉयलच्या तळटीपा आहेत. अमुक प्रसंगी उपस्थित असलेल्या दुसऱ्या कोणी त्यास दुजोरा दिला, तमुक व्यक्तीने इन्कार केला, अशा नोंदी त्यांत येतात. आत्मकथनाला तळटीपा लागणे ही तशी विचित्र गोष्ट. मनातल्या गोष्टींचा साक्षीदार लेखक एकटाच असतो, आणि वाचक त्यास तेवढी मुभा देतो. हॅमिल्टनला ती मुभा नाही. तो वर्षानुवर्षे खोटे बोलला आहे हे त्यास आणि वाचकास दोघांनाही माहीत आहे. म्हणून कॉयल मागे उभा राहून प्रत्येक विधान तपासत असतो. विश्वास गमावलेल्या माणसाला स्वतःचे आयुष्य सांगण्यासाठीही जामीन लागतो, ही या पुस्तकाची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू आहे, आणि ती कोणत्याही वाक्यात न येता केवळ मांडणीतून व्यक्त झाली आहे.

आशयाच्या बाबतीतही हे पुस्तक मिलरच्या पुस्तकाहून वेगळे आहे. येथे नावे आहेत, स्थळे आहेत, किमती आहेत. माद्रिदमधील डॉ. एउफेमियानो फुएन्तेस यांच्याकडे साठवलेल्या रक्ताच्या पिशव्या आहेत. खराब झालेली पिशवी चढवल्यावर काळी पडलेली लघवी आहे. पेलोटॉनमध्ये उत्तेजके न घेणाऱ्यास स्पॅनिश भाषेत ‘पान इ आग्वा’, म्हणजे भाकरी-पाण्यावरचा, असे म्हणत. हा शब्द कौतुकाचा नव्हता. थोडासा कीव करणारा होता. नवखा सायकलपटू साधारण एक हजार दिवस भाकरी-पाण्यावर काढतो आणि मग त्याच्यापुढे निवड येते, असे हॅमिल्टनचे निरीक्षण आहे. पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी कोडे, तिसऱ्या वर्षी उत्तर. या हिशेबात लबाडीपेक्षा कारकुनी नोकरीतील बढतीची छटा जास्त आहे, आणि ती अचूक वाटते.

मात्र एका ठिकाणी हॅमिल्टन मिलरइतकाच अपुरा पडतो. हजार दिवसांनंतर जे दुसऱ्या वाटेने गेले, ज्यांनी सायकल सोडून घरचा रस्ता धरला, त्यांची गोष्ट त्याच्या पुस्तकात नाही. ती त्याला सांगता येणेही कठीण होते. ऑलिम्पिक समितीने ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचे पदक अधिकृतपणे काढून घेतले आणि ते रशियाच्या व्याचेस्लाव एकिमोव्हकडे गेले. एकिमोव्ह हाही आर्मस्ट्राँगच्याच संघातला जुना सहकारी. त्याच्यावर कोणताही दोष सिद्ध नाही. तरी ‘द सीक्रेट रेस’ वाचलेल्या माणसाला पदकांच्या या फेरवाटपाकडे पाहताना किंचित हसू आल्यावाचून राहत नाही.

माफीचे साक्षीदार

यूसाडाच्या २०१२ च्या निवाड्यात आर्मस्ट्राँगच्या अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी होत्या. त्यांपैकी त्या काळात स्पर्धेत असलेल्या जॉर्ज हिंकॅपी, लिव्हाय लाइपहायमर, डेव्हिड झॅब्रिस्की, ख्रिश्चन व्हँडव्हेल्ड आणि टॉम डॅनियलसन यांना, तसेच कॅनडाच्या मायकेल बॅरीला, सहा महिन्यांची बंदी मिळाली. तिचा काळ सप्टेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तिचा बराचसा भाग असा होता की त्या दिवसांत सायकलपटू एरवीही घरीच असतात. आर्मस्ट्राँगला आजीवन बंदी आणि सहकाऱ्यांना हिवाळ्याची सुट्टी, अशी टीका तेव्हा झाली. तपासाच्या दृष्टीने माफीचा साक्षीदार अपरिहार्य असतो. सवलतीशिवाय कोणी बोलत नाही. परंतु माफीच्या साक्षीदाराचे बोलणे आणि प्रायश्चित्त यांत गल्लत करून चालणार नाही. प्रायश्चित्त स्वतःहून घेतले जाते. साक्ष समन्स आल्यावर दिली जाते. हिंकॅपीच्या २०१४ मधील आत्मकथनाचे नाव ‘द लॉयल लेफ्टनंट’, ‘निष्ठावंत सरदार’, असे आहे. साक्ष देऊन झाल्यावरही ज्याची ओळख निष्ठेनेच सांगितली जाते, त्याने नेमके काय सोडले, हा प्रश्न शीर्षकातच उपस्थित होतो. डॅनियलसन २०१५ मध्ये पुन्हा दोषी आढळला.

सवलत घेऊन उशिरा बोललेल्यांचे हे असे झाले. आधी आणि आपणहून बोललेल्यांचे काय झाले, ते जर्मनीच्या यॉर्ग याक्शेच्या उदाहरणावरून दिसते. ऑपरेशन पुएर्तो प्रकरणात नाव आलेल्या याक्शेने २००७ च्या उन्हाळ्यात ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकाला सविस्तर मुलाखत दिली आणि आपण ज्या संघांतून खेळलो तेथील पद्धती सांगितल्या. सहकार्याबद्दल बंदी एक वर्षावर आली. ती संपली तेव्हा त्यास करार द्यायला कोणताही संघ तयार नव्हता. त्याच प्रकरणातील बास्सोने केवळ ‘उत्तेजके घेण्याची तयारी केली होती’ इतकेच मान्य केले, कोणाचे नाव घेतले नाही, दोन वर्षे बंदी भोगली आणि २०१० मध्ये जिरो द’इतालिया दुसऱ्यांदा जिंकली. आलेहान्द्रो वाल्वेर्दे याने काहीच मान्य केले नाही. २०१२ मध्ये तो परतला. २०१८ मध्ये इन्सब्रुक येथे वयाच्या ३८ व्या वर्षी जगज्जेता झाला आणि २०२२ पर्यंत सन्मानाने खेळला. ही तीन नावे एका ओळीत मांडली की संघांचा दुसऱ्या संधीचा अलिखित दर कळतो : जितके शब्द कमी, तितका करार मोठा.

यावर उपाय म्हणून काही संघांनी शून्य सहिष्णुतेचे धोरण स्वीकारले. ब्रिटनच्या टीम स्कायने ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांकडून, आपला उत्तेजकांशी पूर्वी कधीही संबंध आला नव्हता, अशा घोषणापत्रावर सह्या मागितल्या. प्रशिक्षक बॉबी जुलिच आणि क्रीडासंचालक स्टीव्हन द योंग यांनी जुनी चूक कबूल केली आणि दोघांची नोकरी गेली. सही करून मोकळे होणाऱ्यास धोका नव्हता. तोंड उघडणाऱ्यास होता. धोरणाचा हेतू शुद्ध मानला तरी त्याचे फळ उलटेच आले. पुढे २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने औषधांच्या वापराबाबत याच संघाने नैतिक मर्यादा ओलांडल्याचा ठपका ठेवला, आणि २०२१ मध्ये संघाचे माजी डॉक्टर रिचर्ड फ्रीमन यांना वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. संघाचे प्रमुख डेव्ह ब्रेल्सफर्ड हे २००४ मध्ये मिलरला पोलिसांनी नेले तेव्हा त्याच टेबलावर जेवत होते. चांगल्या घरचा मुलगा कसा घसरतो हे त्यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल. तरीही त्यांच्या संघाच्या नियमानुसार मिलरला तेथे जागा असू शकत नव्हती. व्हॉटर्सच्या संघाने उलट वाट धरली : पूर्वीचे दोष सांगा आणि राहा. व्हॉटर्सने स्वतःची कबुली ऑगस्ट २०१२ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून दिली. दोन्ही वाटांत धोका आहेच, पण खरे बोलणाऱ्याला हाकलत नाही ती वाट त्यातल्या त्यात सुसंगत म्हणावी लागेल.

वाळीत टाकलेले

दुसऱ्या संधीवरील चर्चेत ज्यांचे नाव सहसा येत नाही, त्यांच्यापाशी आता यावे लागते. इटलीच्या फिलिप्पो सिमेओनीने स्वतः उत्तेजके घेतली होती आणि त्याबद्दल काही महिन्यांची बंदीही भोगली होती. त्याने डॉ. मिकेले फेरारी यांच्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. फेरारी हे आर्मस्ट्राँगचेही सल्लागार. २००४ च्या टूरच्या अठराव्या टप्प्यात सिमेओनी पुढे निसटलेल्या गटाकडे निघाला, तेव्हा पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याचा पाठलाग करीत गेला आणि त्यास जथ्यात परत यावयास भाग पाडले. नंतर कॅमेऱ्यासमोर त्याने ओठांवर साखळी ओढल्याची खूण केली. २००८ मध्ये इटलीचा राष्ट्रीय विजेता झालेल्या सिमेओनीच्या संघाला २००९ च्या जिरोचे निमंत्रण मिळाले नाही. त्याने विजेत्याची जर्सी महासंघाला परत केली. कबुली होती, शिक्षा भोगली होती, साक्षही होती. पंगतीत मात्र जागा नव्हती.

बासोंची गोष्ट त्याहून साधी आहे. तो फेस्टिना संघात होता, आणि १९९८ च्या तपासात त्याच्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितले की हा घेत नाही. १९९९ ची टूर तो दुसऱ्या फ्रेंच संघाकडून खेळला आणि ‘ल पारिझियँ’ या दैनिकात स्तंभ लिहू लागला. वेग अविश्वसनीय वाटतो, असे त्याने लिहिले. आल्प द्युएझकडे जाणाऱ्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने त्यास गाठून, असे बोलणे खेळाच्या हिताचे नाही आणि तू घरी गेलास तर बरे, अशा अर्थाचे सुनावले. त्याहून अधिक परिणाम जथ्याच्या अबोल्याचा झाला. सहकारी त्याच्याशी बोलेनात. काही दिवसांत त्याने टूर सोडली आणि २००१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, व्यावसायिक सायकलही.

‘पॉझितिफ’ हे पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या मिलरच्या पुस्तकाच्या बरोबरीचे नाही. त्यास पतनाचे नाट्य नाही, अंधार नाही, पुनरुत्थान नाही. ज्याने पाप केले नाही त्याच्या गोष्टीला कथानकच मिळत नाही. कबुलीपर आत्मकथनाची मागणीच अशी आहे की नायक आधी खाली पडला पाहिजे. प्रकाशकाला, वाचकाला आणि काही अंशी समीक्षकालाही परतलेला पापी हवा असतो. मिलर आणि हॅमिल्टन यांच्या पुस्तकांचे कौतुक झाले ते योग्यच आहे. ‘द सीक्रेट रेस’ला २०१२ चा विल्यम हिल हा क्रीडापुस्तकांचा प्रतिष्ठित पुरस्कार मिळाला. पण या कौतुकात वाचकांची अभिरुचीही पेलोटॉनच्याच बाजूने झुकलेली आहे, एवढे मान्य करावे लागते. दुसरी संधी द्यावी की नाही, यावर शेकडो लेख लिहिले गेले. ज्याची पहिली संधीच हिरावली गेली त्यास भरपाई काय, यावर कोणत्याही महासंघाच्या नियमपुस्तकात कलम नाही. बंदीच्या मुदतीचे मात्र तक्ते आहेत.

बासों पुढे फ्रान्सच्या क्रीडा मंत्रालयाच्या सेवेत बोर्डो येथे उत्तेजकविरोधी कामावर राहिला आणि हौस म्हणून डोंगरी सायकल शर्यतींत भाग घेत राहिला. २०१२ मध्ये अशाच एका राष्ट्रीय स्पर्धेतून थकून त्याने माघार घेतली आणि तो घरी निघाला. त्याचे नाव चाचणीसाठी निघाले होते. तो हजर राहू शकला नाही. फ्रेंच महासंघाने त्यास एक वर्षाची बंदी घातली. बातमी आली ती त्याच ऑक्टोबरात, ज्या महिन्यात यूसाडाने आर्मस्ट्राँगच्या सहकाऱ्यांना सहा महिने दिले होते. अपिलानंतर ती एका महिन्यावर आली. त्याच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. तोपर्यंत मिलर, हॅमिल्टन आणि हिंकॅपी या तिघांचीही पुस्तके येऊन गेली होती.